चुन्याचे तीन हात

लहान मुलांना शिकवू पाहणाऱ्या माणसाला आधी चित्र काढायला लावावे, असे माझे मत आहे. लिहायला सांगितले तर तो पाठ केलेले लिहितो. चित्रात मात्र त्याच्या डोक्यातले सामान आपोआप बाहेर येते.

सन १८८६ च्या पौषात नौपाड्यातल्या आमच्या शाळेत उमेदवार मास्तरांचा सहा महिन्यांचा वर्ग चालला होता. पाच जण होते. बिगारीची, म्हणजे पहिलीच्याही आधीची, पोरे कशी बसवावी, कशी रमवावी, रडले तर काय करावे, हे मी त्यांना शिकवीत असे. एका सकाळी मी पाचांच्या हाती पाट्या दिल्या आणि म्हटले, "एक शास्त्रज्ञ काढा."

अर्ध्या तासाने माझ्यापुढे पाच हॅटा आल्या.

श्रीपाद नौपाड्यातलाच. परीटघडीचे उपरणे, आणि पुस्तकातले पान एकदा वाचले की आयुष्यभर तोंडपाठ. त्याच्या साहेबाला पोटापर्यंत दाढी होती, चष्मा होता आणि हातात धूर निघणारी बाटली होती. धोंडीबाचे वडील जुन्नराकडून घाट उतरून आलेले; पोरगा अंगाने दांडगा. त्याचा साहेब बेडूक कापत होता. बेडूक साहेबापेक्षा चांगला आला होता. उरलेल्या तिघांपैकी एकाने साहेबाचे केस उभे काढले होते, कारण फार विचार केला की माणूस भ्रमिष्ट होतो. दुसऱ्याने वेळ पुरला नाही म्हणून नुसती हॅट आणि बाटली काढली होती; मधला माणूस राहून गेला होता.

पाचवा काळुराम. हा डोंबिवलीजवळच्या निळज्याचा. वडिलांचा होड्यांचा धंदा आहे, एवढेच त्याने सांगितले होते. त्याने श्रीपादच्या पाटीकडे बघून जसाच्या तसा साहेब उतरवला होता. फक्त बाटलीचा धूर उलट्या बाजूला वळवला होता.

"हा असा का रे?"

"वारा खाडीकडून आहे, तात्या," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावून गप्प बसला.

मी श्रीपादला विचारले, "हा तुझा शास्त्रज्ञ जेवतो केव्हा?"

"शास्त्रज्ञ जेवण विसरतात."

"बायको?"

"नसते. असली तर सोडून जाते."

"वासानं," धोंडीबाने भर घातली. "त्या बाटल्यांच्या."

"आपल्यातला कोणी होऊ शकेल का शास्त्रज्ञ?"

श्रीपादने गंभीरपणे विचार केला. "पुढेमागे होईलही, तात्या. पण सध्या अवघड दिसतं."

"आणि बाई?"

यावर पाचही जण हसले. धोंडीबा इतका हसला की त्याच्या हातची लेखणी मोडली.

"बरं, हा घराबाहेर कधी पडतो का?"

"बाहेर काय आहे?" श्रीपादने विचारले.

पाट्या मी पुसायला लावल्या नाहीत. भिंतीशी ओळीने उभ्या करून ठेवल्या. मग त्यांना सांगितले की येत्या मंगळवारी भरती-ओहोटीचा अभ्यास करणारे एक शास्त्रज्ञ कोपरीला मिठाच्या जुन्या वखारीपाशी येणार आहेत. शाळा तपासणारे डेप्युटीसाहेबही येतील. बिगारीची मुले तिथेच न्यायची, आणि प्रत्येकाने त्यांच्यापुढे एक पाठ द्यायचा. ज्याचा पाठ पसंत पडेल त्याला कल्याणच्या शाळेत बिगारीवर कायमची जागा.

"काही विचारायचं आहे कुणाला?"

कायमच्या जागेचे नाव ऐकून सगळे ताठ बसले होते. श्रीपादने हात वर केला. "साहेबांना चहा चालतो, की दुसरं काही लागतं?"

आता माझी खोड सांगायला हवी. मुलांनी विचारल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही, असा माझा तीस वर्षांचा परिपाठ. लहान मुलांशी तो उत्तम चालतो, कारण ती विचारल्याशिवाय राहत नाहीत. हा माणूस मिठाच्या वखारीवर नेमके काय बघायला येतो आहे, हे पाचांपैकी एक तरी विचारील म्हणून मी चार दिवस वाट पाहिली. कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

तो येत होता सखुबाईच्या रेघा बघायला.

सखुबाई कोपरीची आगरीण. नवरा वारल्यावर अकरा वर्षे तिने एकटीने मिठागर पिकवले. वखारीची दगडी भिंत खाडीत उतरते. दर वर्षी नारळी पौर्णिमेला उधाणाचे पाणी जिथवर चढे, तिथे ती होडीला लावायच्या डांबरात काडी बुडवून एक रेघ मारी आणि टोकाला ठिपके देई: पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन. लिहिता येत नव्हते, पण चुकत नव्हती. पहिल्या सात रेघा एकमेकींपासून बोटभर वरखाली होत्या. मग मुंबईच्या एका शेटने वरच्या अंगाला नवा बांध घालून खाडीचा एक फाटा बुजवला. त्यानंतरच्या चार रेघा एकदम वीतभर वर गेल्या होत्या.

ते वीतभर पाणी चार वर्षे तिच्या मिठागरात शिरत होते. तपासणीच्या कारकुनाने शेरा मारला की बाई बांध नीट राखत नाही, आगर दुसऱ्या कोणाला द्यावे. आगराचा सरकारी पट्टा फाल्गुनात संपणार होता. मी कल्याणच्या महिपतराव कारखानिसांना पत्र लिहिले. भरती-ओहोटीच्या हिशेबात त्यांचा शब्द वरपर्यंत मानला जाई. त्यांचे उत्तर आले: "रेघा स्वतः पाहीन. दिसल्या तर तसे लिहीन." सखुबाईपाशी त्या रेघांशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

सोमवारी मी महिपतरावांना आणायला कल्याणला गेलो. मंगळवारी पहाटे आम्ही ओहोटीबरोबर होडीने निघालो. महिपतराव बुटके, सावळे. गुडघ्यापर्यंत खोचलेले धोतर आणि मांडीवर वालाच्या शेंगांची पोतडी. त्यांची चौथी मुलगी नौपाड्यात दिली होती, तिच्यासाठी.

"पाच मुली," ते म्हणाले. "चौघींची लग्नं झाली. शेंगा मात्र अजून मलाच पोचवाव्या लागतात."

कोपरीचे वळण आले तेव्हा ऊन चांगले वर आले होते. महिपतरावांनी डोळ्यांवर हात धरला. "ते पांढरं काय हो चमकतंय?"

वखारीची भिंत होती ती. चुलीवरच्या भाताइतकी पांढरी.

झाले होते असे. मी गेल्यावर श्रीपादने कोपरीला जाऊन जागा पाहून घेतली. काळ्या, शेवाळलेल्या भिंतीपुढे शास्त्रज्ञाला कसे बसवायचे, ही त्याला काळजी पडली. बाटल्यांतला माणूस तो, त्याला घाण सोसणार नाही. पाचांनी वर्गणी काढून चुना आणला. डांबराच्या रेघा खरवडून निघेनात, म्हणून तेवढ्या भागाला चुन्याचे तीन हात दिले. भिंतीला रेघांपाशी बुड फुटलेले एक मडके बांधलेले होते, ते सोडून खाडीत भिरकावले. नौपाड्याच्या एका वकिलाकडून दोन खुर्च्या आणल्या. एका खुर्चीवर लाल कापड घातले, ती साहेबाची.

हे चालले असताना सखुबाई तिथे आली होती. श्रीपादने तिला सांगितले, "बाई, उद्या इथे फिरकू नका. सरकारी पाहुणे आहेत, त्यांना चिखलाचा वास चालत नाही." सरकार म्हटल्यावर ती घरी गेली.

होडी चिखलात टेकली. आम्ही दोघे उतरलो, गुडघाभर रुतत काठावर आलो. पाचही उमेदवार हारतुरे घेऊन उभे होते. श्रीपादने मला नमस्कार केला, महिपतरावांच्या हातची पोतडी नोकराच्या हातून घ्यावी तशी घेतली, आणि आमच्या मागे रिकाम्या होडीकडे पाहू लागला.

"साहेब मागच्या होडीत आहेत का, तात्या?"

"साहेब कोण?" महिपतरावांनी पाय धुता धुता विचारले.

"शास्त्रज्ञ."

"मीच तो. शेंगा जरा सावलीत ठेवा, उन्हानं कडक होतील."

श्रीपादने पोतडी छातीशी धरली. धोंडीबाने महिपतरावांच्या हनुवटीकडे पाहिले. तिथे चार दिवसांचे पांढरे खुंट होते. दाढी म्हणण्यासारखे काही नव्हते. डेप्युटीसाहेब खुर्चीतून उठले, त्यांनी नमस्कार केला, आणि त्यांनीसुद्धा एकदा होडीकडे नजर टाकली.

भिंतीचे विचारायला मी तोंड उघडणार, तोच डेप्युटीसाहेबांनी घड्याळ काढले. "आधी पाठ होऊन जाऊ द्या."

श्रीपाद पुढे झाला. मुले बारदानावर बसली होती. कालपासून पाठ करून घेतलेले त्यांनी एका सुरात म्हटले.

"शास्त्रज्ञ कोणास म्हणतात?"

"जो दाढी ठेवतो, भिंगातून पाहतो, बाटलीतून धूर काढतो आणि जेवण विसरतो, त्यास शास्त्रज्ञ म्हणतात."

महिपतराव वालाची शेंग सोलून खात होते. त्यांनी हात थांबवला. "पुन्हा म्हणा बरं."

मुलांनी पुन्हा म्हटले. महिपतरावांनी उरलेले दाणे तोंडात टाकले. "जेवण विसरतो, हे माझ्या बायकोला कळवायला हवं," ते म्हणाले.

मुले हसली. डेप्युटीसाहेब हसले नाहीत. "उच्चार स्वच्छ आहेत," असे म्हणून त्यांनी वहीत काही लिहिले.

इतर तिघांचे पाठ झाले. काळुरामची पाळी यायची होती. तेवढ्यात महिपतराव उठले. "आता रेघा दाखवा. भरती लागलीय."

"कसल्या रेघा?" डेप्युटीसाहेब म्हणाले. "भिंत तर उत्तम ठेवली आहे मुलांनी."

मी काही सांगण्याआधी बारदानावरून शकू उठली. सखुबाईची नात ती, पाच वर्षांची. "आजीच्या रेघा यांनी पुसल्या," असे म्हणून तिने पाचांकडे बोट केले. मग कोणी न सांगताच ती धावत जाऊन आजीला घेऊन आली.

सखुबाई कासोटा घातलेल्या लुगड्यात, पायांवर वाळलेला चिखल, तशीच आली आणि लांब उभी राहिली.

"बाई," महिपतराव म्हणाले, "लाटा हलत असताना तुम्ही पाण्याची उंची कशी धरता?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"मडक्यान बगते," ती म्हणाली. "बुड फोडलेला मडका भिंतीला रेगांपाशी बांदलाय. भाईर लाट नाचते, मडक्यातला पानी नाय नाचत. त्याला बगून रेग मारायची. वारा असला तं थांबायचा."

महिपतराव डेप्युटीसाहेबांकडे वळले. "याच कामाला आम्ही विलायतेहून लोखंडी नळ मागवला. यायला आठ महिने लागले." मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "मडकं कुठंय?"

धोंडीबाने खाडीकडे पाहिले.

"आनि रेगा?" सखुबाई म्हणाली. "त्या काल सरकारनं पुसल्या."

आता श्रीपादला कळले. त्याचा चेहरा त्याच्या भिंतीसारखा झाला. "तात्या, आम्हाला वाटलं ते डाग आहेत," तो पुटपुटला. "तुम्ही सांगितलं नव्हतं."

खरेच नव्हते सांगितले. तीस वर्षांत ते वाक्य मला इतके कधी लागले नव्हते.

महिपतराव भिंतीजवळ गेले, चुन्यावर हात फिरवून परत आले. "बाई, तुम्ही खरं बोलता याविषयी मला शंका नाही," ते म्हणाले. "पण मी कागदावर लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेलं. सांगोवांगी लिहिलं तर शेटचा वकील एका दिवसात ते उडवील. मी पुढल्या नारळी पौर्णिमेला पुन्हा येईन."

"फाल्गुनात पट्टा सरतो," सखुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तवा मी कं दाखवू? दुसऱ्याचा मीठ?"

डेप्युटीसाहेबांनी वही उघडली. "काळुराम, तुमचा पाठ."

काळुराम उभा राहिला. त्याच्या अंगात श्रीपादकडून मागून आणलेला कोट होता. तो बारदानाच्या दिशेने दोन पावले आला आणि थांबला.

"डांबरावर चुना धरत नाही," तो म्हणाला.

"हा पाठाचा विषय आहे?"

"नाही, साहेब. दगडात चुना मुरतो, डांबरात मुरत नाही. वर नुसता बसून राहतो. कालचाच आहे. ओल्या काथ्यानं घासला तर डांबरावरचा निघेल."

"तुला हे काल ठाऊक होतं?" मी विचारले.

"होतं."

"आणि रेघा कसल्या, तेही?"

"आमच्याकडेही मारतात, तात्या." तो माझ्याकडे बघेना. "पण ते सांगितलं असतं तर मी कसं ओळखतो तेही सांगावं लागलं असतं. म्हणून मीही ब्रश धरला."

त्याने कोट काढून श्रीपादच्या हाती दिला, धोतर वर खोचले आणि चिखलात उतरला. चालण्यावरूनच कळत होते. आम्ही रुतलो होतो, हा तरंगल्यासारखा गेला.

"काकी, काथ्या दे गो," तो खालून म्हणाला.

सखुबाई दचकली. मग कमरेच्या दोराला बांधलेला काथ्याचा गठ्ठा सोडून तिने त्याच्याकडे टाकला. "कंचे गावचा रं तू?"

"निळज्याचा."

"मंग आगऱ्याचा पोर हायस नं? काल त्या धोतरवाल्यांबरोबर पांढरा रंग फासताना लाज नाय वाटली?"

"वाटली."

"आनि तरी फासलास."

"हो."

"घास आता," ती म्हणाली आणि स्वतःही उतरली.

भरतीचे पाणी चिखलावर बोटाबोटाने पुढे सरकत होते. दोघे घासत होते. मुले बारदान सोडून काठावर गोळा झाली. डेप्युटीसाहेबांनी "मुलांनो, जागेवर" असे दोनदा म्हटले, पण लहान मुलांपुढे असे काही चालू असताना जागा कसली. पहिल्यांदा एक करडी पट्टी उमटली, मग तिच्यातून काळी रेघ, मग टोकाचे ठिपके.

"सात," शकू वाचायला लागली. सगळी बिगारी तिच्याबरोबर वाचू लागली. "आठ. नऊ." हे कोणी पाठ करून घेतले नव्हते. भिंतीच्या पायथ्याशी पाणी यायच्या आत महिपतराव मापाची फीत घेऊन त्याच चिखलात उतरले होते. धोंडीबा त्यांच्या मागे फितीचे दुसरे टोक धरून कमरेइतका रुतला. त्याला काढायला तिघे लागले.

अकराही रेघा सापडल्या. तिसरी जरा खरवडली गेली होती, पण तिचे ठिपके शाबूत होते. महिपतरावांनी प्रत्येकीचे माप घेतले, सखुबाईने सांगितले त्याप्रमाणे वर्ष लिहिले, आणि कागदाच्या तळाशी जिथे पाहणाऱ्याचे नाव लिहितात तिथे तिचे नाव घातले. "ह्याच्यापुढं अंगठा करा," ते म्हणाले. तिने केला. अंगठ्याला चुना होता, तो कागदावर तसाच उठला.

पट्टा सखुबाईकडेच राहिला. शेटला बांधात पाणी जायला वाट करून द्यावी लागली. पुढच्या नारळी पौर्णिमेला बारावी रेघ पहिल्या सातांच्या शेजारी उतरली. नवे मडके धोंडीबाने आणून दिले. बुड फोडताना सगळेच फोडले, म्हणून दुसरे आणले.

कल्याणची जागा श्रीपादला मिळाली. डेप्युटीसाहेबांचा अहवाल माझ्याकडे नकलेसाठी आला होता. श्रीपादविषयी लिहिले होते: "उच्चार शुद्ध, विषयाचे ज्ञान उत्तम." काळुरामविषयी: "पाठ दिला नाही. मुलांसमोर चिखलाने भरलेल्या अवस्थेत वावरला. शास्त्रीय विषयाची आवड दिसत नाही." मी नक्कल अक्षर न बदलता केली आणि काळुरामला कोपरीच्या मुलांसाठी मदतनीस म्हणून माझ्याकडे ठेवून घेतले. कायमची जागा ती नव्हती, आणि ती त्याला पुढे नऊ वर्षे मिळाली नाही. त्या दिवशी ब्रश धरल्याबद्दल मी त्याला कधी बोललो नाही. सखुबाईने सगळे बोलून घेतले होते, आणि मला बोलायला तोंड नव्हते.

वर्ग संपला त्या दिवशी मी पुन्हा पाचांच्या हाती पाट्या दिल्या. पुन्हा तेच सांगितले: एक शास्त्रज्ञ काढा.

काळुरामची पाटी शकूने उचलून पाहिली. "तात्या, ही चिंबोरी आहे का?"

"तुझी आजी आहे ती," काळुराम म्हणाला.

तिने त्याच्याकडे अविश्वासाने पाहिले, लेखणी घेतली आणि आजीच्या शेजारी बुड नसलेले मडके काढून दिले. मडके बरे आले.

श्रीपादने फार वेळ घेतला. मला वाटले, काही तरी हलले आहे. त्याने पाटी आणून दिली. हॅट होती. पोटापर्यंत दाढी होती, चष्मा होता, बाटलीतून धूर निघत होता. मात्र साहेबाच्या दोन्ही पायांवर, गुडघ्यापर्यंत, त्याने बारीक बारीक रेघांनी नीट चिखल काढला होता.

"कल्याणला ही पाटी बरोबर ने," मी म्हटले. "आणि पुसू नकोस."

तिथल्या मुलांच्या वाट्याला तेवढा तरी चिखल यावा, एवढीच इच्छा.